पोट दुखतं, पण फक्त सोमवारी

सोमवार उजाडला की पोरीचं पोट दुखतं, रविवारी मात्र ती ठणठणीत असते. असं घरात होत असेल, तर ओवा देऊन झाल्यावर दोन मिनिटं तिच्याजवळ बसा. दुखणं शाळेतलंही असू शकतं.

पोरांची भांडणं होतात, मिटतात. दादागिरी वेगळी. नॉर्वेत या विषयाचा अभ्यास करणारे डॅन ओल्वेउस यांनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो आणि सोसणाऱ्याचं बळ कमी पडतं. नावं ठेवणं, डबा हिसकावणं, खेळायला न घेणं, मोबाईलच्या ग्रुपवर फोटो टाकून हसणं, हे सगळं त्यातच आलं. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याला महिन्याभरात असा त्रास झालेला होता.

आपल्या चाकण पट्ट्यात कंपन्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून कुटुंबं येतात. निघोजे, महाळुंगे, कुरुळीत घरमालकाचं आणि भाडेकरूचं पोर एकाच बाकावर बसतं. जो नवा, ज्याची बोली, जात, रंग किंवा अंगकाठी वेगळी, त्याच्यावर नेम धरला जातो. आई-वडील पाळीवर गेलेले, मग सांगायचं कुणाला?

त्रास देणारं पोरही बघा. पुष्कळदा त्यानं घरात मार आणि शिवीगाळ पाहिलेली असते. त्याला आणखी बडवलं, तर ‘जोर असेल त्याचंच चालतं’ हाच धडा पक्का होतो.

मग करायचं काय? ‘तूही एक ठेवून दे’ म्हणू नका. काय घडलं ते तारखेसह लिहा आणि वर्गशिक्षकांना भेटा. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी. तिची चौकशी करा. शिक्षकच मारत किंवा घालूनपाडून बोलत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं त्याला बंदी आहे. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत.

एक मात्र करू नका: शाळा सोडवू नका. मुलगी घरी बसली की लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि शिक्षा भलतीलाच होते.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकमेकींना विचारा: आपलं पोर मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातं? आणि कुणाला जवळ बसू देत नाही?