नंदगडच्या वाटेचा टायर

नंदगडच्या शिवारात सायकलचा टायर काट्याने पंक्चर होतो, पण कामातून जातो तो कुशीतून चिरला की. हा फरक ज्याच्या ध्यानात आला त्याची टायरची निवड निम्मी झाली म्हणायची. काट्यावर आता चांगला इलाज आहे: ट्यूब काढून टाकायची, टायर रिमवर हवाबंद बसवायचा आणि आत रबराच्या चिकाचं सीलंट ओतायचं. चिरलेल्या कुशीवर मात्र सीलंट चालत नाही. आणि सायकलवर तंबू, स्वयंपाकाचं सामान, तीन-चार लिटर पाणी लादलेलं असेल तर अशी चीर पडायची शक्यता दुपटीने वाढते, असा माझा अनुभव सांगतो. म्हणून सामान घेऊन रानवाटांनी जाणाऱ्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच की टायरची नक्षी नंतर बघा, आधी कूस दाबून बघा.

नंदगड हे खानापूर तालुक्यातलं, खानापूर–हल्याळ रस्त्यावरचं गाव. संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी इथेच फाशी दिलं गेलं, त्याची समाधी इथेच आहे. कित्तूरचा हा वीर ज्या रानाच्या आडोशाने इंग्रजांशी लढला, ते रान गावापासून फार लांब नाही. पश्चिमेकडे जावं तसा मलनाड सुरू होतो: तांबडी माती, भाताची खाचरं, बांबूची बेटं, पुढे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. पूर्वेकडे कित्तूर-बैलहोंगलच्या बाजूला काळी जमीन लागते. म्हणजे या एका गावातून निघून हलशीच्या कदंबकालीन देवळांकडे वळलात तर एक जमीन, आणि सूर्योदयाच्या दिशेने गेलात तर दुसरीच. टायर मात्र दोन्हीकडे तोच न्यायचा असतो.

तांबड्या वाटेचं दुखणं आहे जांभा. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, म्हणून तर त्याचे चिरे काढता येतात. पण उघड्यावर ऊन-वारा खाल्ला की तो टणक होतो, आणि पावसाने भोवतालची माती वाहून नेली की त्याच्या सच्छिद्र, खरखरीत कडा वाटेतून वर येतात. बैलगाडीच्या चाकोरीत या कडा नेमक्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात. चाकोरीतून जाणारा टायर तळाने नीट चालतो, आणि कुशीने मात्र दगड घासत जातो. त्यात तोडलेल्या बांबूचे बुडखे. तिरक्या कापलेल्या बुडख्याची कड एखाद्या पात्याइतकी धारदार असते आणि पालापाचोळ्यात ती दिसत नाही.

पूर्वेकडच्या जमिनीचं दुखणं वेगळं. तिथे बाभळीचा काटा आहे, बांधावरची बोर आहे, पाऊस संपला की जमिनीवर पसरणारे सराटे आहेत. सराट्याच्या फळाला चारी बाजूंनी टोकं, तो कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच. ट्यूबच्या दिवसांत सराट्यांच्या पट्ट्यातून सायकल काढली की दोन्ही चाकं उलटी करून बसावं लागे, आणि एक ठिगळ वाळेपर्यंत दुसरं भोक सापडे. ट्यूबलेसची खरी करामत इथे दिसते. काटा उपसला की भोकातून पांढरा फेस फुसफुसतो, चाक भोकाची बाजू खाली येईल असं फिरवून धरावं, दोन-चार श्वासांत फुसफुस थांबते. बोटाने पुसलं तर तिथे रबराची बारीक गाठ हाताला लागते. सीलंटमधला चीक हवेबरोबर भोकाकडे धावतो, त्यातले बारीक कण भोकात अडकतात आणि त्यांच्याभोवती चीक गोठतो. काट्याचं, खिळ्याचं भोक याने बुजतं. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेलेलं भोक मात्र सीलंटच्या आवाक्याबाहेरचं.

हे तंत्र तसं जुनं नाही. मोटारीला ट्यूबलेस टायर आला तो १९४७ मध्ये अमेरिकेच्या गुडरिच कंपनीने जाहीर केला तेव्हा. सायकलीला मात्र आणखी पन्नास वर्षं थांबावं लागलं. मॅव्हिकने हचिन्सन आणि मिशेलिन यांच्याबरोबर यूएसटी ही पद्धत १९९९ मध्ये आणली: टायरच्या कडेला आणि रिमच्या खाचेला नेमकी मापं, दोघांची पकड घट्ट. ते टायर जड होते. पुढे अमेरिकेत स्टॅन कोझियाटेक याने रिमवर चिकटपट्टी, आत पातळ सीलंट असा हलका मार्ग रूढ केला, आणि आज दुकानात जे टायर ‘ट्यूबलेस-रेडी’ म्हणून मिळतात त्यांची जात हीच. हे टायर एकटे पुरते हवाबंद नसतात, सीलंट ओतल्यावर होतात. आपल्याकडे मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरमुळे लोकांना ही कल्पना नवी राहिलेली नाही, पण सायकलचा टायर त्यापेक्षा पुष्कळ पातळ असतो हे विसरून चालत नाही.

आता कुशीची गोष्ट. टायरच्या रबराखाली नायलॉनच्या धाग्यांचं कापड असतं. इंचात किती धागे, हा आकडा टायरवर छापलेला असतो, बहुधा ६० किंवा १२०. साठवाला धागा जाड, टायर थोडा जड आणि कडक. एकशेवीसवाला धागा बारीक, टायर लवचीक, चालायला सुंदर, पण नुसता असेल तर कूस कागदासारखी. म्हणून चांगले कारखाने बारीक धाग्याच्या कापडावर कुशीत आणखी एक संरक्षक थर घालतात. मॅक्सिस त्याला ‘एक्सो’ म्हणतं, श्वाल्बेच्या ‘सुपर ग्राउंड’ आणि ‘सुपर ट्रेल’ अशा पायऱ्या आहेत. शर्यतीचा २९ इंची टायर साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅमचा, आणि असा थर घातलेला आठशेपासून हजारपर्यंत जातो. दोन चाकांत मिळून अर्धा किलो वाढतो. सायकलवर पंधरा किलो सामान बांधणाऱ्याने या अर्ध्या किलोसाठी जीव टाकू नये. कमी करायचं असेल तर पातेलं घरी ठेवावं.

वजन टायरवर कसं बसतं तेही एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. माणूस ७५ किलो, सायकल १४, सामान-पाणी १६, एकूण १०५. त्यातला साठ टक्के भार मागच्या चाकावर धरला तर ६३ किलो, म्हणजे सुमारे १३९ पाउंड. मागच्या टायरात २५ पाउंड हवा असेल तर जमिनीला टेकणारा टायरचा भाग ढोबळमानाने साडेपाच चौरस इंच. ३५ पाउंड भरली तर चार चौरस इंच. हवा कमी तर टायर पसरतो, जांभ्यावर पकड धरतो, हाताला हिसके कमी बसतात. पण पसरताना तो कुशीने बाहेर फुगतो, आणि नेमकी तीच कूस दगडाच्या कडेला भिडते. शिवाय मोठा दगड आला की टायर रिमपर्यंत दबतो आणि दगड व रिम यांच्या मध्ये सापडून कापला जातो. हवा जास्त भरली तर कूस वाचते, पण सायकल दगडावरून उडते आणि उतारावर ताब्यात राहत नाही. यातून सुटायला दोनच वाटा: टायर रुंद घ्या, आणि कूस दणकट घ्या. रुंद टायरमध्ये हवेचा साठा मोठा, म्हणून कमी पाउंडातही तो रिमला टेकत नाही. माझ्या मते या मुलखात सामानासकट मागे २.३५ इंच आणि पुढे २.४ इंच हे माप योग्य. त्याहून अरुंद टायर डांबरी रस्त्यावर सुख देतो आणि हलशीच्या पुढे रडवतो.

नक्षीबद्दल थोडक्यात. कोरड्या दिवसांत इथल्या टणक वाटेवर मुरमाचे बारीक गोल खडे पसरलेले असतात, आणि वळणावर चाक गोट्यांवर पाय पडावा तसं सुटतं. तिथे कडेची बटणं उंच आणि सुटी हवीत. मधली बटणं मात्र ठेंगणी, जवळजवळ असावीत, कारण नंदगड-खानापूरसारखा डांबरी टप्पा प्रत्येक दौऱ्यात येतोच. व्हिटोरियाचा मेझकल किंवा मॅक्सिसचा रेकॉन या घडणीचे आहेत. पुढच्या चाकाला जरा आडदांड नक्षी चालते. पावसाळ्यात तांबडा चिखल बटणांतून निदान सुटतो तरी. काळ्या मातीचा चिखल टायर, फोर्क आणि फ्रेम यांच्यामध्ये असा भरतो की चाक फिरेनासं होतं. त्या मातीत कुठलाच टायर चालत नाही, एक दिवस थांबावं हे उत्तम.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. साध्या माउंटन बाइकची रिम ट्यूबलेससाठी बनवलेली नसते आणि टायरही तारेच्या कडेचा असतो. चिकटपट्टी लावून, सीलंट ओतून त्यात हवा कधीकधी थांबतेही, आणि लोक त्यावर खूश होतात. पण सामानाने लादलेल्या सायकलीवर घाटाच्या वळणात असा टायर रिममधून निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचेच असावेत, रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिलिमीटर असावी. टायरच्या कुशीवर ५७-६२२ असे आकडे असतात: पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे २९ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस. गावातल्या दूधवाल्याच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलचा व्यास ६३५ असतो, त्यामुळे नावात एक इंच कमी असूनही तिचा टायर आपल्या रिमवर बसणार नाही.

म्हणून गावच्या पंक्चरवाल्याकडे काय मिळेल आणि काय नाही, हे निघण्याआधीच ठरवून टाकावं. त्याच्याकडे कॉम्प्रेसर असतो, आणि ट्यूबलेस टायर रिमच्या खाचेत बसवायला तोच लागतो, हातपंपाने ते काम सहसा होत नाही. वॉल्व्हमधला कोअर किल्लीने काढायचा, कॉम्प्रेसरच्या नळीचं टोक वॉल्व्हवर दाबून धरायचं. हवा एकदम आत शिरते, टायरची कड रिमवर सरकते आणि फट्, फट् असे दोन आवाज येतात, एकेक बाजूचा एकेक. ते दोन्ही आवाज ऐकल्याशिवाय समाधान मानू नये. मग रिमलगतची बारीक रेघ चाकभर सारखी दिसते का तेही बघावं. कोअर परत बसवल्यावर हवा भरायला पितळी अडॅप्टर लागतो, कारण आपला बारीक वॉल्व्ह पंक्चरवाल्याच्या नळीत बसत नाही. असे अडॅप्टर दोन घ्यावेत, हरवायची वस्तू आहे.

पंक्चरवाला मोटारसायकलच्या सवयीने जाड टोच्या घेऊन भोक मोठं करायला जाईल, तेव्हा त्याला प्रेमाने थांबवावं. त्याची चिकट पट्टी उभी चिरून अर्धी केली तर सायकलच्या टायरला चालते, पण टोच्या आपलाच बारीक असावा. कुशीला चीर पडली तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावून, जाड सुई आणि मेणाच्या दोऱ्याने टाके घालून, ट्यूब भरून पुढचं मोठं गाव गाठायचं. त्यासाठी एक ट्यूब पिशवीत असतेच. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवायला विसरू नये. सीलंटने ज्यांचा पत्ता लागू दिला नव्हता असे कितीतरी काटे तिथे टोकं आत करून बसलेले असतात, आणि नवी ट्यूब पहिल्या फेरीतच जाते.

सीलंट २९ इंची टायरला शंभर मिलिलिटरच्या आसपास लागतं. बेळगावकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक कानाशी धरून हलवावं: खळखळ ऐकू आली नाही तर आत फक्त रबराचे गोळे उरलेत असं समजावं. शंभर मिलिलिटरची एक बाटली सामानात असावी.

निघण्याआधीच्या दोन गोष्टी राहिल्या. याच मुलखातल्या भीमगड अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, वाटा आखताना ते आधी बघावं. आणि हवा किती भरायची ते घरी ठरवू नये. सगळं सामान, भरलेल्या बाटल्यांसकट, सायकलवर बांधून तांबड्या वाटेवर एक फेरी मारावी. मागे २८ पाउंड, पुढे २४ पासून सुरुवात करावी आणि एकेक पाउंड कमी करत जावं. ज्या आकड्याला मागची रिम दगडावर एकदा तरी ठणकली, त्यात तीन पाउंड मिळवून तो आकडा फ्रेमवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावा.