पेटी विकण्याआधी एकदा ऐका

दिवाळी झाली, मंडईचे दिवस आले, गावोगावी रात्रभराची नाटकं सुरू झाली. नाटकात स्टेजपुढे पूर्वी पेटीवाला बसायचा, आता बऱ्याच ठिकाणी कीबोर्ड दिसतो. आमच्या एका गटाच्या भजनी मंडळातही तोच ठराव आलाय : जुनी पेटी विकायची, बचतीतले थोडे पैसे घालायचे आणि कीबोर्ड घ्यायचा. ठरावाला माझी हरकत नाही. पण हात वर करण्याआधी चांगल्या हाताखाली पेटी काय बोलते, ते ऐकून घ्यावं असं वाटतं. म्हणून आज पेटीच्या जुन्या रेकॉर्डबद्दल बोलते.

पेटी आपल्याकडची नाही. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने ती १८४० च्या दशकात तयार केली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगं रूप दिलं. पण एक खोट राहिलीच. पेटीवर सा एका पट्टीत, रे दुसऱ्या पट्टीत, आणि मध्ये काहीच नाही. आपला गळा तसा नसतो. बाळाला निजवताना तुम्ही आवाज ओढत एका सुरावरून दुसऱ्यावर नेता ना, त्याला मींड म्हणतात. ती पेटीत निघत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली, तीही आधी गाण्याच्या साथीपुरती. तीसेक वर्षं रेडिओचं दार बंद असलेलं हे वाद्य आपल्या प्रत्येक देवळात मात्र वाजत होतं!

आता दोन वादक घ्या. एक पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर. दुसरे त्यांचेच शिष्य, गोव्याचे तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मधुकरांच्या काळी तव्यांच्या रेकॉर्ड होत्या. तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात सगळं सांगायचं म्हणजे रेंगाळायला जागाच नाही. त्यांची बोटं धावतात, तरी एकेक सूर निवडलेल्या तांदळासारखा वेगळा पडतो. बोरकरांना पुढच्या काळात लांबलचक वाजवायला वेळ मिळाला. ते सूर धरून ठेवतात, भात्याची हवा कमी करत आवाज बारीक करतात, मधल्या पट्ट्यांना नुसता स्पर्श करून पुढे जातात. मींड निघत नाही, पण निघाल्याचा भास होतो. माझ्या कानाला बोरकर जास्त जवळचे वाटतात. आमच्या पेटीवाल्या मावशींना मधुकर. शिष्याने गुरूची नक्कल केली नाही, ही गोष्ट मात्र आम्हा दोघींनाही आवडली.

युरोपातल्या पियानोचंही दुखणं असंच आहे. त्यात हातोडी तारेवर पडते आणि सूर लगेच विरायला लागतो. पोलंडमध्ये जन्मलेला शोपँ (१८१०–१८४९) केवळ पियानोसाठी रचना करण्यात नावाजलेला. तो शिष्यांना सांगायचा, गाणाऱ्यांना ऐका. त्याच्या रात्रीच्या शांत रचना रुबिनस्टाइन नावाच्या वादकाने तीन वेळा रेकॉर्ड केल्या : १९३६-३७, १९४९-५० आणि १९६५-६७ मध्ये. माणूस तोच, सूरही तेच लिहिलेले. पण पहिल्या वेळी लय मोकळी, ओढाळ आणि शेवटच्या वेळी, वयाच्या ऐंशीच्या आसपास, निवांत. लोक अजून भांडतात, कोणती चांगली म्हणून.

तर बैठकीच्या दिवशी हप्ते लिहून झाले की अर्धा तास काढा. मोबाइल रिकाम्या गंजात ठेवा, आवाज मोठा येतो. टाइप करता येत नसेल तर यूट्यूबला तोंडी सांगा, ‘पी. मधुकर हार्मोनियम’, मग ‘तुळशीदास बोरकर हार्मोनियम’. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा लक्ष ठेवा : एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ठेच लागते का? भाता कुठे दम घेतो? पद ओळखीचं असेल तर शब्द आपोआप ओठावर येतात का? कोण जास्त जलद, हे मोजू नका. त्याने फार काही कळत नाही.

मग दुकानात जाऊन कीबोर्डही असाच पारखा. स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डवर बोट हळू ठेवा की जोरात, आवाज तेवढाच येतो. भाता नाही, त्यामुळे सूर फुलवणं-विझवणं हातात राहत नाही. काहींना डाव्या बाजूला चाक असतं. ते फिरवलं की सूर वाकतो, म्हणजे पेटीत न निघणारी मींड थोडीफार निघते. ते चाक आहे का, विचारा. ढोलक्याचे ठेके त्यात आयतेच असतात, हा फायदा खरा. पण मग ढोलकी वाजवणारीने काय करायचं, तेही ठरवा. आणि लाइट गेल्यावर काय, हे तर आपल्या भागात कुणाला सांगायलाच नको.

शेवटी तुमच्या पेटीवालीला तीच ओळ वाजवायला सांगा. ती जशी वाजवते तशीच वाजवू द्या. मग मत घ्या.