जुन्या नाण्यांचे मोल आणि वऱ्हाडातील नाणेठेवे

नाणे जितके जुने तितके ते मौल्यवान, हा समज सर्वत्र रूढ असला तरी संग्राहकांच्या व्यवहाराचा त्याला आधार नाही. सातवाहनांचे झिजलेले पोटिनचे नाणे अठराशे वर्षांचे असूनही अल्प किमतीत मिळू शकते. उलट आयर्लंडच्या १९४३ सालच्या चांदीच्या फ्लोरिनसाठी मोठी रक्कम मोजली जाते. कारण त्या वर्षी पाडलेली बहुतेक नाणी चलनात न येता वितळविली गेली. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ, तर तांब्याची शिवराई विपुल. पेशवाईतही ती पाडली जात होती आणि एकोणिसाव्या शतकातही ती व्यवहारात होती. मात्र याच विपुल शिवराईवर ‘शिव’ आणि ‘सिव’, ‘छत्रपति’ आणि ‘छत्रपती’ असे लेखभेद आढळतात, आणि विरळ भेदाचा नग संग्राहक आवर्जून शोधतो. भाषाभ्यासकाने येथे सावध राहावे. प्रत्येक भेद उच्चाराचा निदर्शक नसतो. पुष्कळदा तो केवळ ठसा कोरणाऱ्याचा हातगुण असतो.

दुर्मिळतेच्या खालोखाल महत्त्व लेखाच्या सुवाच्यतेला आहे. सातवाहनांच्या पोटिन नाण्यांत ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, असा प्रकार वारंवार दिसतो. त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर जातो. ‘सातकणि’ हे अनेक राजांनी धारण केलेले नाव होते. त्यापूर्वीची दोन-तीन अक्षरे उमटली आहेत की नाहीत, यावर नाण्याचे मोल अवलंबून राहते. १९३९ मध्ये तऱ्हाळा येथे (तेव्हा अकोला, आता वाशीम जिल्हा) सुमारे १,६०० नाण्यांचा ठेवा सापडला. वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळींत नसलेली नावे त्यातून पुढे आली. अशा ठेव्यातील नाणी शेजारी ठेवली की एकावर सुटलेली अक्षरे दुसऱ्यावर सापडतात. तीच नाणी दहा दुकानांत विखुरली तर हा लाभ नाहीसा होतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांची गोष्ट अशीच. ती मुळात नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविला होता. एकट्या नाण्याने पुनर्मुद्रण कळते. पण विजयी राजाने पराभूताचे चलन किती मोठ्या प्रमाणावर आपले केले, हे समजण्यास ठेवाच हवा.

भाषादृष्ट्या सर्वांत मोलाची ठरतात ती सातवाहनांची राजमुखाची चांदीची नाणी. त्यांच्या एका बाजूस प्राकृत लेख असतो, दुसऱ्या बाजूस त्याच आशयाचा द्राविडी लेख. ‘सिरि’च्या जागी ‘तिरु’ आणि ‘पुत’च्या जागी ‘मकण’ येते. ही दुसरी भाषा तमिळ म्हणावी की दख्खनमधील एखादी वेगळी द्राविडी बोली, याविषयी मतभेद आहेत. या वादात नाण्याचे प्राप्तिस्थान हा एक महत्त्वाचा पुरावा ठरतो, आणि बाजारात नेमका तोच प्रथम हरवतो.

या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरचा परिसर लक्षात घेण्याजोगा आहे. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या तालुक्यात आजही मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगू कानी पडतात. आर्य आणि द्राविडी भाषा जेथे शेजारी नांदतात, तेथील शेतात द्वैभाषिक नाणे निघाले आणि त्याची जागा नोंदली गेली, तर त्या नोंदीचे मोल चांदीहून कितीतरी अधिक ठरेल. तेच नाणे स्थाननिर्देशाविना पुण्या-मुंबईच्या लिलावात आले, तर संग्राहक त्याची भरपूर किंमत देईल. भाषेच्या इतिहासाला मात्र त्यातून फारसे हाती लागणार नाही.

दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाने बंधनकारक केले आहे. व्यवहारात मात्र नाणी आधी सराफाकडे जातात. तेथे ती वजनावर घेतली जातात, किंवा चिंच आणि राख लावून चकचकीत केली जातात. या घासण्यात उठावाची अक्षरे झिजतात आणि बाजारातील किंमतही घटते. माती न झाडता, गावाचे नाव आणि शेताचा गट क्रमांक लिहिलेल्या कागदात गुंडाळलेले नाणे अभ्यासकाच्या हाती क्वचितच येते.