ड्रोनला पाणी कळत नाही

ड्रोन हवेत सोडायचा आणि रिमोटवरची बोटं काढून घ्यायची. तो तिथल्या तिथे उभा! वाऱ्याची झुळूक आली की जरासा ढळतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. बघून बघून आपल्याला याची इतकी सवय झालीय की विचारायचंच राहून जातं: आपण ढळलो हे त्याला कळतं कसं? हवेत पाय टेकायला तर काहीच नाही.

उत्तर त्याच्या पोटाखाली आहे. फोटो काढणारा कॅमेरा पुढे असतो तो वेगळा. पोटाखाली आणखी एक छोटासा कॅमेरा असतो, आणि त्याला एकच काम असतं, खाली बघत राहायचं. सेकंदाला कितीतरी चित्रं तो घेतो आणि आधीच्या चित्राशी नवं चित्र ताडून पाहतो. फरशीची भेग, एखादा खडा, गवताचं पातं, त्याला काहीही चालतं. मघाची भेग डावीकडे सरकली? म्हणजे मी उजवीकडे गेलो, चला मागे! उपग्रहांचे इशारेही ड्रोनला मिळतात, पण त्यांवरून काढलेली जागा मीटर-दोन मीटर इकडेतिकडे होऊ शकते. जमिनीजवळची बारीक सावरासावर करतो तो हा खालमुंड्या कॅमेराच.

आता हा ड्रोन डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावरून उल्हास खाडीवर न्या. खाली ना भेग ना खडा. नुसत्या लाटा, आणि त्याही चालत्या.

इथे काय गंमत होते ते जवळच्या कोपर स्टेशनात गाडीत बसून कळतं. तुमची कल्याणकडे जाणारी लोकल उभी आहे, शेजारच्या रुळावरही एक गाडी उभी आहे. ती गाडी हळूच ठाण्याकडे सुटते आणि तुम्हाला वाटतं, अरे, आपलीच सुटली! डोळ्यांनी शेजारच्या गाडीलाच जमीन समजलेलं असतं. ड्रोनचंही अगदी तसंच होतं. लाटा पूर्वेला सरकल्या की त्याला वाटतं, मी पश्चिमेला वाहवलो. मग तो इमानेइतबारे ‘जागेवर’ यायला पूर्वेला निघतो आणि लाटांबरोबर चालू लागतो. आपण तर रिमोटला हातही लावलेला नसतो. अगदी खाली आणला तर आणखी घोळ, कारण त्याच्याच पात्यांचा वारा पाण्यावर गोल गोल तरंग उठवतो आणि ते तरंग बघून तो आणखी बावचळतो.

बरं, पाणी अगदी निवांत असेल तर? ते तर जास्तच वाईट. निवांत पाण्यात दिसतात ढग!

या बाबतीत ड्रोन एकटा नाही. मधमाशीसुद्धा खालची जमीन किती भरभर मागे सरकते त्यावरून उंचीचा अंदाज घेते. जमीन झरझर पळाली तर आपण खाली आहोत, हळू सरकली तर वर आहोत. १९६३ साली हेरान आणि लिंडाउअर या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांना तळ्यावरून उडायला शिकवलं. पाण्यावर लाटा होत्या तोवर माश्या नीट गेल्या. पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं तेव्हा मात्र त्यांना खाली काहीच सरकताना दिसेना. जमीन दूर गेली असं समजून त्या खाली खाली येत गेल्या आणि पाण्यात पडल्या. वर सबंध आकाश मोकळं असताना!

आणि मंगळावर काय झालं माहीत आहे? नासाचं ‘इन्जेन्युइटी’ हे चिमुकलं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे पहिल्यांदा उडालं. त्याच्याही पोटाखाली कॅमेरा होता, सेकंदाला ३० चित्रं घेणारा. खाली खडक होते तोवर त्याचं मस्त चाललं होतं. १८ जानेवारी २०२४ रोजी, ७२व्या उड्डाणात, ते वाळूच्या लाटांवर होतं. ओळखायला खूण अशी नव्हतीच. आपण किती वेगानं सरकतोय याचा हिशेब चुकला, उतरताना ते आदळलं आणि पाती मोडली. पुन्हा ते उडालंच नाही. तिथे तर पाण्याचा थेंबही नव्हता! (काही अब्ज वर्षांपूर्वी मात्र त्याच परिसरात मोठं तळं होतं, हा भाग वेगळा.)

हे झालं जागेचं. उंचीची भानगड निराळीच आहे, आणि माझ्या मते खाडीवरचे जास्त ड्रोन तिच्यामुळेच भिजत असावेत. ड्रोनमध्ये हवेचा दाब मोजणारं एक इवलंसं यंत्र असतं. एक मीटर वर गेलं की दाब सुमारे १२ पास्कलनं कमी होतो. एकूण दाब एक लाखाच्या वर, त्यातला हा फरक ते यंत्र पकडतं, म्हणजे कमालच म्हणायची. पण पडद्यावर दिसते ती उंची कुठून मोजलेली? पाण्यापासून नव्हे. जिथून उडवला तिथून! धक्का पाण्याच्या तीन मीटर वर असेल आणि पडद्यावर ‘२’ दिसत असेल, तर ड्रोन पाण्याच्या पाच मीटर वर आहे. धक्क्याच्या खाली उतरवलात तर आकडा चक्क उणे होतो.

आणि पाणी तरी एका जागी कुठे राहतं? आपली खाडी भरती-ओहोटीची. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटरसुद्धा चढतं. आत खाडीत चढउतार वेगळा असतो, म्हणून आपण हिशेबापुरते चार मीटर धरू. भरतीचे साधारण सहा तास, आणि मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात भरभर चढतं, तासाला जवळजवळ एक मीटर. बॅटरी अर्धा तास पुरते. तेवढ्यात पाणी अर्धा मीटर वर आलेलं असतं आणि पडद्यावरचा आकडा तोच!

पूर्ण भरती कधी, हे काढायची किनाऱ्यावरच्या लोकांची युक्ती भारी आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. दिवसातून दोनदा, पहाटे आणि दुपारी, किंवा सकाळी आणि संध्याकाळी. कोपरची खाडी समुद्रापासून आत आहे, म्हणून इथे भरती आणखी थोडी उशिरा पोचते. कालनिर्णय काढा आणि करून बघा.

मग जाणकार माणूस काय करतो? तो ड्रोनला पाण्याला चिकटवत नाही, निदान चार-पाच मीटर वर ठेवतो. उड्डाण सपाट, कोरड्या काँक्रीटवरून. होडीतून उडवला तर ‘घरी परत ये’ म्हटल्यावर ड्रोन होडी मघाशी जिथे होती तिथे जातो, आणि होडी तर पुढे गेलेली! बॅटरी फार उतरली की काही ड्रोन आपणहून खाली उतरायला लागतात. खाली खाडी आहे याचं त्यांना सोयरसुतक नसतं, म्हणून परतायचं लवकर. शिवाय एकानं पडद्याकडे बघायचं आणि दुसऱ्यानं ड्रोनकडे. दिवा-वसई मार्गाच्या रेल्वेपुलाजवळ तर जायचंच नाही. लोखंडामुळे होकायंत्र गोंधळतं, बारीक तारा ड्रोनला दिसत नाहीत, आणि त्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात. तिवरांवर बगळे बसले असतील तर लांबूनच परत फिरायचं. घारी तर स्वतःच ड्रोनवर झेप घेतात.

कायदाही आहे बरं का. ‘ड्रोन नियम २०२१’ नुसार नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल जागा ठरलेल्या आहेत. हिरव्या जागेतही १२० मीटरच्या वर जायचं नाही. पोलीस अधूनमधून ड्रोनबंदीचे हुकूम काढतात, तेही आधी पाहायचे. ड्रोनवैमानिकाचं प्रमाणपत्र अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. तोवर मोठं माणूस बरोबर हवंच.

इतकं करूनही पडला खाडीत, तर? पडू दे. त्याच्या मागे चिखलात उतरायचं नाही. तिवरांखालचा गाळ कमरेपर्यंत आत ओढतो आणि भरती कुणासाठी थांबत नाही. पुढे ओहोटीला एखाद्या होडीवाल्या काकांना सापडलाच, तर बॅटरी चार्ज करू नका आणि घरातही ठेवू नका. खारं पाणी आत शिरलेली लिथियमची बॅटरी काही तासांनीसुद्धा पेट घेऊ शकते. मेमरी कार्ड मात्र गोड्या पाण्यात धुऊन, दोन दिवस वाळवून लावून बघा. चित्रं पुष्कळदा शाबूत निघतात, अगदी शेवटच्या बुडीसकट!