बढाई, उणीव आणि प्रेम : लॉरिन हिलचा अल्बम जुन्नरात ऐकताना

हिप हॉपमधल्या एखाद्या कलाकाराने प्रेमावर आख्खा अल्बम का करावा, आणि केलाच तर तो आपण तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात का घ्यावा, असा आजचा विषय आहे. जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांपुढे रॅप घेणार म्हटल्यावर काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण टोमॅटोचे क्रेट भरता भरता पोरं मोबाईलवर जे ऐकतात, त्याकडे पाठ फिरवून प्रेमाबद्दल बोलणं म्हणजे रिकाम्या वर्गात शिकवणं झालं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातला. 11 ऑगस्ट 1973 रोजी डीजे कूल हर्कने तिथे जी पार्टी वाजवली, तिथून या संगीताची सुरुवात धरतात. गरीब, काळ्या आणि स्थलांतरित वस्तीतली ही कला. ज्याला जगाने ‘तुझ्याकडे काहीच नाही’ म्हणून हिणवलं, तो माइक हातात घेऊन म्हणतो, ‘माझ्याकडे हे आहे, तेही आहे, माझ्यासारखा कोणी नाही.’ म्हणून बढाई हा या कलेचा एक पाया झाला. तिला आम्ही नावं ठेवणार नाही. अपमानाला दिलेलं ते उत्तर असतं.

आणि बढाई आपल्याला काही परकी नाही. इथून घाटघरच्या बाजूला गेलं की नाणेघाट लागतो. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात काय आहे? कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, हत्ती, घोडे, कार्षापण दिले, याची आकड्यांसकट यादी. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला येणारा व्यापारी घाट चढून दमला की त्याच्यासमोर ही यादी यायची. राजघराणं दगडातून सांगत होतं, ‘आमच्याकडे एवढं आहे.’

त्याच सातवाहनांच्या नावाशी दुसरा एक ग्रंथ जोडलेला आहे, हाल राजाची ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे छोट्या गाथा. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली ती मराठीत आणली. या गाथांत शेतकरी आहेत, वाटसरू आहेत, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बायको आहे, मैत्रिणीला सल्ला देणारी सखी आहे. यज्ञ आणि दक्षिणा दगडावर गेली, आणि माणसाची हुरहूर गाथेत राहिली. दोन्ही एकाच संस्कृतीची बोलणी. एक म्हणतं ‘आहे’, दुसरं म्हणतं ‘नाही, आणि हवंय’.

हा फरक प्लेटोने ‘सिम्पोझियम’ या संवादात नेमका पकडला आहे. तिथे सॉक्रेटिस डिओटिमा नावाच्या स्त्रीकडून ऐकलेली कथा सांगतो. प्रेमदेवता एरॉस कोणाचा मुलगा? आई दारिद्र्य, बाप युक्ती-साधनं असलेला. म्हणजे प्रेमाच्या पोटात उणीव आहे आणि ती भरून काढायची धडपडही आहे. ज्याला काहीच कमी नाही, तो प्रेम करणार कशाला? आता आपली अडचण लक्षात येईल. बढाईचं वाक्य ‘माझ्याकडे आहे’ असं असतं आणि प्रेमाचं वाक्य ‘माझ्यात कमी आहे’ असं असतं. बढाईवर उभ्या असलेल्या कलेने प्रेमावर अल्बम करायचा म्हणजे तिला आपलं व्याकरणच बदलावं लागतं.

हे करून दाखवणारा एक अल्बम म्हणजे ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. लॉरिन हिल ही फ्यूजीज या गटातली गायिका आणि रॅपर. गटाच्या 1996 च्या ‘द स्कोर’ या अल्बमला अफाट यश मिळालं. त्यानंतर 25 ऑगस्ट 1998 रोजी तिचा हा पहिला एकल अल्बम आला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. 1999 साली त्याला ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला. हिप हॉपच्या वाट्याला हा मान तेव्हा पहिल्यांदाच आला.

त्याची मांडणी बघा. सुरुवातीला शाळेची घंटा होते, शिक्षक हजेरी घेतात. लॉरिन हिलचं नाव पुकारलं जातं आणि उत्तर येत नाही. ती गैरहजर! पुढे गाण्यांच्या मधेमधे तोच वर्ग ऐकू येतो आणि शिक्षक मुलांना विचारतात, प्रेम म्हणजे काय? मुलं अडखळत, हसत, वाद घालत उत्तरं देतात. वर्गात हा धडा चालला असताना ती मात्र बाहेर कुठेतरी तोच धडा ठेचा खाऊन शिकते आहे. अल्बमचं नाव कार्टर वुडसन यांच्या 1933 च्या पुस्तकाची आठवण करून देतं. काळ्या अमेरिकनांना मिळणारं शिक्षण त्यांना स्वतःपासूनच कसं तोडतं, हा त्या पुस्तकाचा विषय. हिलने तो प्रश्न प्रेमाकडे वळवला.

या अल्बममध्ये पुन्हा पुन्हा दुखावणारं नातं आहे, स्त्री-पुरुष दोघांनाही दिलेला इशारा आहे, आणि ‘टू झायन’ हे पोटच्या मुलासाठीचं गाणं आहे. ऐन यशाच्या काळात ती गरोदर होती. आधी करिअर बघ, असा सल्ला तिला मिळाला. तिने मूल ठेवलं आणि त्या निवडीचंच गाणं केलं.

इथे आम्हाला नारायणगावची आठवण येते. चैत्राच्या तोंडावर तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी. भर खेळात कळा सुरू झाल्या, रंगमंचामागे बाळंतपण झालं आणि विठाबाई पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. 2002 साली त्या गेल्या.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. लावणीत प्रेमाची उणीव भरभरून आहे, आणि ती बहुतेक वेळा बाईच्या तोंडी आहे. पण राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, पुढे पठ्ठे बापूराव, हे सगळे शब्द लिहिणारे पुरुष. पूर्वी तर ते ‘मी’ नाच्या पोऱ्याच्या तोंडून यायचं. प्लेटोच्या डिओटिमाचंही तेच झालं. बोलते ती, लिहितो तो. शृंगाराच्या त्या ठरलेल्या चौकटीत विठाबाईंच्या प्रेमाला जागा होती, त्यांच्या बाळंतपणाला नव्हती. ते पडद्यामागेच राहिलं. हिलला मात्र आपल्या नावावर, आपल्या शब्दांत ते पडद्यापुढे आणता आलं. गुणांमध्ये दोघींत डावं-उजवं करायचं कारण नाही. ‘मी’ म्हणण्याचा अधिकार कोणाला मिळाला, एवढाच फरक आहे.

अर्थात हिलचा ‘मी’ही एकटीचा नव्हता. अल्बमवर काम केलेल्या काही संगीतकारांनी श्रेय मिळालं नाही म्हणून दावा लावला आणि तो 2001 मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. प्रेमाची कबुली एकटीची वाटते, पण ती सुरात बसवायला चार हात लागतात. ढोलकीवाल्याशिवाय लावणी उभी राहत नाही, हे नारायणगावला शिकवायला नको.

शेवटचा मुद्दा इथल्या तरुणांसाठी. लग्नाचा बायोडेटा काढून बघा. इतके एकर, विहीर, ट्रॅक्टर, पुण्यात फ्लॅट. आहे की नाही नाणेघाटाचा लेख! त्यातून व्यवहार कळतो, तो कळायलाही हवा. पण मला कशाची उणीव आहे, मी कशाला घाबरतो, हे लिहायला त्यात रकाना नाही. मग ज्या पोराला ‘मला तुझी गरज वाटते’ म्हणायला कोणी शिकवलं नाही, तो ‘तू माझीच आहेस’ म्हणायला लागतो. ही दोन वाक्यं सारखी ऐकू येतात, पण पहिल्यात समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे. दुसऱ्यात नाही. तिथे बढाईच प्रेमाचा वेष घेऊन आलेली असते. नकार मिळाल्यावर पाठलाग करणारा, धमकी देणारा तरुण प्रेमात हरलेला नसतो. मालकी गेल्याचा राग त्याला आलेला असतो.

म्हणून प्रेमाचं कुठलंही गाणं, रॅप असो की लावणी, ऐकताना दोन प्रश्न विचारत चला. इथे ‘मी’ कोण म्हणतंय? आणि ज्याच्याबद्दल म्हणतंय, त्याला उत्तर द्यायला जागा ठेवली आहे का? हजेरीच्या वेळी गैरहजर राहिलं तरी हा धडा चुकत नाही, फक्त तो महाग पडतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.