एक म्हणजे उत्तम की वाईट?

परदेशातला अभ्यास : लेखांक ७

प्रश्नावलीचा विषय कसा निवडायचा ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता ती घेऊन रस्त्यावर उतरू. शहर जर्मनीतलं लाइपत्सिग, विषय तिथली ट्राम. बी-वन परीक्षा पास झालेल्या मराठी विद्यार्थ्याला चार प्रश्न जर्मनमध्ये विचारणं काही जड नाही. घोटाळा होतो तो बहुधा आकड्यांत.

'ट्रामच्या वक्तशीरपणाला १ ते ५ पैकी किती गुण द्याल?' आपल्या डोक्यात ५ म्हणजे पैकीच्या पैकी. जर्मन शाळेत मात्र १ हा सर्वांत वरचा शेरा आणि ६ म्हणजे साफ नापास. विद्यापीठातही १.० मिळाला तर पेढे वाटावेत, ४.० ला काठावर पास. एखाद्या आजीबाई तोंडभर कौतुक करत १ वर फुली मारतात आणि आपल्या तक्त्यात त्यांची नोंद सर्वांत नाराज प्रवासी म्हणून होते. सगळ्यांनीच उलटं वाचलं असतं तर निकालही उलटा करून घेता आला असता. पण काहीजण वरची सूचना नीट वाचून ५ वर फुली मारतात. दोन्हींची सरासरी येते ३ च्या आसपास, आणि आपण अहवालात लिहून मोकळे होतो, की लाइपत्सिगकरांना ट्रामचं सोयरसुतक नाही! म्हणून आकडे काढून टाकावेत आणि प्रत्येक चौकटीखाली 'खूप समाधानी', 'अजिबात समाधानी नाही' असे शब्दच छापावेत.

दुसरी अडचण सुखाची वाटते. आपले उच्चार ऐकून समोरचा तरुण लगेच इंग्रजीवर येतो. आपल्याला हायसं वाटतं आणि दुपारभरात फॉर्म भरून होतात, पण बहुतेक विद्यार्थ्यांचेच. लाइपत्सिग पूर्व जर्मनीत होतं; तिथल्या शाळांत पाचवीपासून रशियन सक्तीची असे. त्या शाळांतून शिकलेली, आज साठीपुढची कितीतरी माणसं इंग्रजी प्रश्नाला मान हलवून पुढे निघून जातात. त्यांचं मत हवं असेल तर मोडकंतोडकं का होईना, जर्मनच बोलावं. त्यांची सॅक्सन बोली प-ट-क चे ब-द-ग करते, तेव्हा पुन्हा विचारायला लाजू नये. घरी जाऊन सावकाश ऐकू म्हणून खिशातला मोबाइल गुपचूप चालू ठेवणं मात्र सपशेल बंद. खासगी बोलणं परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करणं तिथे फौजदारी गुन्हा आहे.

या गावात तर जास्तच जपायला हवं. इथल्या श्टाझी या गुप्त पोलिसांची जिल्हा कचेरी ४ डिसेंबर १९८९ रोजी नागरिकांनी ताब्यात घेतली. आज तिथे संग्रहालय आहे. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांच्या कपाळावर अनोळखी माणूस आपलं बोलणं टिपून घेताना पाहून आठी पडली, तर नवल कसलं? आपण कोण, कुठल्या विद्यापीठाचे, कागदाचं पुढे काय होणार, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकावं. नाव-पत्ता घेऊ नये. वय विचारायचंच तर शेवटी, आणि तेही '३० ते ४४' अशा गटांत. पगाराचा रकाना मात्र खोडून टाका. ट्रामच्या वक्तशीरपणाशी त्याचा काय संबंध?