वाळूचा बांध : रावणाच्या मिशा आणि मर्यादवेल

विंचूरहून कोकणात सहल गेली की मुलं गाडीतून उतरल्या उतरल्या पाण्याकडे धावत सुटतात. साहजिकच आहे, कांदा-द्राक्षाच्या शिवारातली पोरं ती! पण धावताना ती जे तुडवतात, तेच खरं तर दाखवण्यासारखं असतं. तेव्हा शिक्षक-पालकहो, यंदा दहा मिनिटं त्यांना अलीकडेच थांबवा.

भरतीच्या रेषेच्या वर वाळूचे उंचवटे असतात. त्यावर ताठ, टोकदार पात्यांचं गवत दिसेल. त्याचं नाव रावणाच्या मिशा. नाव ऐकूनच वर्ग हसतो. या गवताच्या मादी झाडाला काटेरी चेंडूसारखं फळ येतं. पिकलं की ते तुटतं आणि वाऱ्यावर गडगडत जाता जाता बी सांडतं. (हात लावू देऊ नका, चांगलंच टोचतं.) शेजारी जमिनीवर पसरलेली मर्यादवेल असते. तिची फुलं गुलाबी-जांभळी, पान शेळीच्या खुरासारखं दुभंगलेलं. समुद्राची मर्यादा इथवर, असं तिचं नावच सांगतं.

आता हा उंचवटा होतो कसा? वारा वाळू उडवत आणतो, गवतात त्याचा वेग मंदावतो, वाळू खाली पडते. गवत गाडलं जातं, तरी वर फुटतं. पुन्हा वाळू साठते. आपल्या मुलांना हे लगेच कळेल, कारण बांधावरची हराळी माती कशी धरून ठेवते ते त्यांनी पाहिलंय. वादळात लाटा यातली वाळू ओढून नेतात, पण तेवढ्यात त्यांचा जोर खर्ची पडतो आणि मागची वस्ती वाचते. पुढे शांत दिवसांत वाळू परत येते. गवत शिल्लक असेल तर ती तिथे टिकते. सिमेंटच्या भिंतीला हे जमत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अशाच भरतीरेषेवरच्या वाळूत अंडी घालतात. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील वर्गात ठेवल्या होत्या. तरी त्यांवरून गाड्या घातल्या जातात, कारण बघणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते.

कोकण जमत नसेल तर आपल्या येवला तालुक्यातलं ममदापूर गाठा. तिथे वाळू नाही, पण गवताळ माळ आहे, काळविटं आहेत. आणि त्या माळालाही लोक सर्रास पडीकच म्हणतात.